नंबर १६८८९६: पिस्तूल ओळखायचं कसं, आणि जळगावच्या कोर्टात झडलेल्या गोळ्या

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. एक, सहा, आठ, आठ, नऊ, सहा. सहा आकडी आहे म्हणून कुणाला पिनकोड वाटेल. पण हा नंबर अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात, कोल्ट कंपनीच्या कारखान्यात, एका .३२ बोअरच्या पिस्तुलावर ठोकला गेला. ते पिस्तूल पुढे भगतसिंगांच्या हातात आलं. आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, इंदूरला, एका संग्रहालयात बाकीच्या हत्यारांच्या गर्दीत पडून होतं. बघणारे बघून जात होते, पण ते कुणाचं आहे हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ते शोधलं कसं, हा आजचा मुख्य विषय. त्यासाठी जुनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं ओळखण्याचं एक शास्त्र आहे, ते थोडं समजून घेऊ. संग्राहक लोक त्यातल्या एका भानगडीला 'ट्रान्झिशनल व्हेरिएंट' म्हणतात, आपण 'संक्रमणातला नमुना' म्हणू. हे सगळं कशासाठी? कारण आपल्याकडे क्रांतिकारकांच्या पिस्तुलांच्या कथा ढिगाने आहेत, पण त्यातलं नक्की कुठलं पिस्तूल कुणाचं, हे सांगू शकणारा कागद फार थोड्यांचा शिल्लक आहे.

आधी जळगाव

मी मेहरूणचा. आमच्याकडे पाहुणे आले की तलाव दाखवतात, बोरं खाऊ घालतात. पण याच शहरातल्या कोर्टात २१ फेब्रुवारी १९३० रोजी सुनावणीच्या काळात गोळीबार झाला होता, हे माझ्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे, कुणास ठाऊक. शाळेत तरी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

थोडक्यात प्रकरण असं. सप्टेंबर १९२९मध्ये भुसावळ स्टेशनवर दोन तरुण सामानासकट पकडले गेले. भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर. दोघेही झाशीकडचे, दोघेही चंद्रशेखर आझादांच्या हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशनमधले. सामानात बॉम्बचं साहित्य आणि पिस्तुलं. मलकापूरकर हे आडनाव वाचल्यावर खान्देश-वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही; मलकापूर भुसावळच्या पुढे रेल्वेनेच येतं. तर यांच्यावर खटला चालला तो जळगावला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व खान्देश जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी. इतिहासात तो 'भुसावळ बॉम्ब केस' म्हणून नोंदला गेला.

या खटल्यात साक्ष द्यायला दोन माफीचे साक्षीदार आणले गेले: जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष. जयगोपाल कोण? १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला सॉन्डर्सचा वध झाला, तेव्हा साहेब बाहेर आल्याचा इशारा द्यायचं काम याच्याकडे होतं. पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी, मग भगतसिंगांनी. आणि नंतर हाच जयगोपाल फुटला, सरकारी साक्षीदार झाला. त्याच्या जबानीवर लाहोरच्या खटल्याची बरीच मदार होती.

जळगावच्या कोर्टात माहौर यांनी त्या दोघांवर पिस्तूल झाडलं. पिस्तूल बाहेरून त्यांच्यापर्यंत पोहोचवलेलं होतं. जयगोपाल जखमी झाला, पण दोघेही साक्षीदार वाचले. माहौर यांना जन्मठेप झाली, मलकापूरकरांनाही दीर्घ शिक्षा झाली. सुटून आल्यावर माहौर झाशीत हिंदीचे प्राध्यापक झाले. मलकापूरकरांनी आझादांच्या आईला, जगरानीदेवींना, शेवटपर्यंत मुलाच्या मायेने सांभाळलं.

आता दोन टोकं जोडून बघा. लाहोरला सॉन्डर्सवर चाललेलं एक पिस्तूल, आणि त्याच घटनेच्या साक्षीदारावर जळगावला चाललेलं दुसरं पिस्तूल. पहिलं आज काचेच्या पेटीत आहे, नंबरासकट. दुसऱ्याबद्दल लिहिणारे फक्त 'पिस्तूल' एवढंच लिहितात. एका शब्दात संपवतात. या दोन नोंदींमधला फरक हाच आजचा धडा.

नुसत्या नावाने ओळख पटत नाही

जळगावच्या बाजारात बोरांची गाडी दिसली की विकणारा म्हणणारच, "घ्या भाऊ, मेहरूणची आहेत." आता जळगावकडे येणारं प्रत्येक बोर मेहरूणचं असतं का? खाणारा जाणकार आकार बघतो, साल बघतो, चव घेतो, मग मान हलवतो. पिस्तुलांच्या जगात 'ब्राउनिंग' या नावाचं अगदी असंच आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याने आखलेली पिस्तुलं युरोपात बेल्जियमची एफ.एन. कंपनी बनवायची आणि अमेरिकेत कोल्ट. आपल्याकडच्या जुन्या कागदांत मात्र सरसकट 'ब्राउनिंग' लिहिलेलं सापडतं. नाशिकचंच उदाहरण घ्या. १९०९ च्या सुरुवातीला सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. इतकं आपण परीक्षेपुरतं पाठ करतो.

पण 'ब्राउनिंग' म्हणजे कुठलं? १९०९ पर्यंत एकट्या एफ.एन. कंपनीची तीन वेगवेगळी ब्राउनिंग पिस्तुलं बाजारात होती. पहिलं १९०० चं, .३२ बोअरचं. दुसरं १९०३ चं, अंगाने मोठं, ९ मिलिमीटरच्या लांब काडतुसाचं. तिसरं १९०६ चं, खिशात मावणारं, .२५ बोअरचं. त्यात गंमत म्हणजे कोल्ट कंपनीचंही १९०३ चं ब्राउनिंग पिस्तूल आहे, आणि ते .३२ बोअरचं. म्हणजे 'ब्राउनिंग १९०३' एवढंच लिहिलं असेल, तर ती दोन देशांतली, दोन वेगळ्या काडतुसांची, दोन वेगळी पिस्तुलं असू शकतात.

फोटो असेल तर काम सोपं होतं. एफ.एन. १९०० च्या पिस्तुलात झटका झेलणारी स्प्रिंग नळीच्या वर असते. त्यामुळे पुढून बघितलं की दोन नळ्या एकावर एक ठेवल्यासारखं दिसतं. १९०३ च्या दोन्ही पिस्तुलांत ती स्प्रिंग नळीच्या खाली गेली. एवढी एक खूण कळली तरी सिनेमात आणि पोस्टरवर दाखवलेली निम्मी पिस्तुलं चुकीची आहेत हे तुम्ही सांगू शकाल. मित्रांना सांगून बघा, भाव खाऊन जाल.

काडतुसांच्या नावांचाही असाच घोळ आहे. युरोपच्या कागदात '७.६५ ब्राउनिंग' आणि इंग्रजी-अमेरिकन कागदात '.३२ ऑटो' लिहिलं असेल तर ते एकच काडतूस. जर्मन माउझरचं '७.६३' आपल्याकडच्या इंग्रज अहवालात '.३०० बोअर' होऊन येतं. दोन कागदांत दोन आकडे दिसले म्हणजे दोन हत्यारं, असं धरून चालायचं नाही.

संक्रमणातला नमुना म्हणजे काय

आता जरा खोलात जाऊ. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन व्हर्जन काढतो तेव्हा जुना सगळा कोड पुसत नाही. काही भाग जुनाच राहतो, काही नवा येतो, आणि मधल्या काळात एक अशी बिल्ड असते की जिच्यात दोन्हीचा संसार चाललेला असतो. कारखान्यांचंही तसंच. मॉडेल बदलायचं ठरलं म्हणून कोठारातले हजारो तयार सुटे भाग कुणी भंगारात घालत नाही. जुने भाग संपेपर्यंत नव्या सांगाड्यात बसवले जातात. अशा अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या मालाला संग्राहक 'ट्रान्झिशनल' म्हणतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे अमेरिकन लष्कराचं .४५ चं कोल्ट १९११. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या तक्रारी आल्या, म्हणून त्यात सुधारणा ठरल्या: चाप आखूड केला, चापामागे बोटासाठी सांगाडा थोडा कापला, मुठीची मागची बाजू फुगीर केली. सुधारलेल्या पिस्तुलाला '१९११ ए-१' हे नाव १९२६ मध्ये मिळालं. पण त्याआधी १९२४ च्या कंत्राटात कोल्टने १०,००० पिस्तुलं बनवली, नंबर ७,००,००१ ते ७,१०,०००. त्यांत सुधारणा सगळ्या नव्या, आणि अंगावर नाव मात्र जुनंच, '१९११'. नाव वाचून ओळखणारा इथे फसतो. नंबर वाचणारा फसत नाही.

आता आपल्या कथेतल्या पिस्तुलाकडे येऊ. कोल्ट १९०३, .३२ बोअर, ज्याला 'पॉकेट हॅमरलेस' म्हणतात. हॅमरलेस म्हणजे घोडा नाही असं नव्हे; घोडा आहे, तो स्लाइडच्या आत झाकलेला आहे. खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून. हे पिस्तूल १९०३ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिलं, साडेपाच लाखांच्या वर नग निघाले, आणि बाहेरून बघितलं तर पहिलं आणि शेवटचं जुळ्या भावांसारखं दिसतं. फरक बारीक आहेत, म्हणूनच ओळखायला मजा येते.

संग्राहकांनी त्याचे पाच प्रकार पाडले आहेत. पहिल्या प्रकारात नळी ४ इंचांची आणि तिच्या तोंडाशी एक वेगळी कडी बसवलेली, तिला बुशिंग म्हणतात. हे नंबर ७१,९९९ पर्यंत चाललं. ७२,००० पासून दुसरा प्रकार: कडी तशीच, पण नळी पाव इंचाने आखूड, पावणेचार इंचांची. १,०५,०५१ पासून, म्हणजे साधारण १९१० पासून, तिसरा प्रकार: ती कडीच काढून टाकली. ४,६८,०९७ पासून, साधारण १९२६ मध्ये, चौथा प्रकार: मॅगझिन काढलेलं असेल तर चाप ओढूनही गोळी सुटू नये अशी सोय आत आली. आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी ठळक साइट असलेला पाचवा प्रकार.

मुठीवरच्या फळ्यांवरूनही अंदाज येतो. जुन्या पिस्तुलांना काळ्या कडक रबराच्या फळ्या असत, १९२० च्या दशकात अक्रोडाच्या लाकडाच्या आल्या. पण फळ्या दोन स्क्रूंनी निघतात. पन्नास वर्षांत कुणीही बदलल्या असतील. त्यामुळे हा पुरावा कच्चा. खरा संक्रमणातला नमुना आणि कुणीतरी दुरुस्तीत बदललेलं पिस्तूल, या दोन्हींत हाच घोळ होतो. बघायचं असं: बदललेला भाग इतर भागांइतकाच झिजला आहे का? त्याचा रंग, त्यावरचा चकाकीचा थर जुळतो का? आणि नंबर सीमेच्या जवळपास आहे का? सीमेपासून दोन लाख दूर असलेल्या नंबरावर 'संक्रमण' सांगायला लागले, तर समजायचं की गोष्ट विकायला ठेवली आहे.

अजून एक नेहमीचा सापळा सांगतो. या कोल्टच्या स्लाइडवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात: २० एप्रिल १८९७ आणि २२ डिसेंबर १९०३. बघणारा म्हणतो, "हे १९०३ सालचं आहे." नाही भो! ती पेटंटची तारीख आहे, १९२५ साली बनलेल्या पिस्तुलावरही तीच असते. औषधाच्या डब्यावर कंपनीच्या स्थापनेचं साल छापलेलं असतं, म्हणून गोळ्या त्या सालच्या होत नाहीत, तसंच.

मग १६८८९६ काय सांगतं

आता हा नंबर वरच्या रांगेत बसवा. १,६८,८९६ हा आकडा १,०५,०५१ च्या पुढे आणि ४,६८,०९७ च्या बराच मागे. म्हणजे तिसरा प्रकार, सीमेपासून चांगलाच आत. नळी पावणेचार इंचांची, तोंडाशी कडी नसलेली, मॅगझिनची ती सुरक्षा नसलेली. पिस्तूल हातात न घेता, फक्त नंबरावरून इतकं सांगता येतं. उलट कुणी उद्या चार इंची नळीचं, तोंडाशी कडी असलेलं कोल्ट आणून म्हणालं की हेच ते लाहोरचं, तर नंबर बघायच्या आधीच आपण हात जोडू शकतो.

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकल्यावर भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त पळाले नाहीत. भगतसिंगांकडचं स्वयंचलित पिस्तूल तेव्हा पोलिसांच्या हाती लागलं. लाहोरच्या खटल्यात पिस्तूल मुद्देमाल झालं आणि मुद्देमालाच्या नोंदीत नंबर आला. कोण्या कारकुनाने ते सहा आकडे नीट लिहिले, त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. पण पुढची सगळी गोष्ट त्याच्या अक्षरावर उभी आहे.

खटल्यानंतर पिस्तूल पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलिस प्रशिक्षण केंद्रात गेलं. १९६९ मध्ये तिथून काही जुनी हत्यारं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेच्या संग्रहालयासाठी पाठवली गेली. त्यात हेही होतं. गंजू नये म्हणून हत्यारांवर रंग चढवलेला होता, आणि त्या रंगाखाली नंबर झाकला गेला. २०१६ मध्ये पंजाबातल्या एका पत्रकाराने जुन्या नोंदींचा माग काढत चौकशी लावून धरली. संग्रहालयातल्यांनी रंग खरवडला. खाली आकडे निघाले: १६८८९६. पुढे ते पिस्तूल पंजाबात हुसैनीवाला इथल्या संग्रहालयात हलवलं गेलं, जिथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची समाधी आहे.

हे पुन्हा एकदा ऐका. इंदूरला हजारो लोकांनी ते पिस्तूल पाहिलं असेल. सगळ्यांना भगतसिंग माहीत होते. पिस्तूल समोर होतं. तरी दोन्हींची गाठ पडली नाही, कारण मधला धागा, तो नंबर, रंगाखाली होता. कागद लाहोरच्या नोंदीत, धातू इंदूरला. दोघांची भेट व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

रोडाची वही

नंबराची ताकद किती, हे बघायला कोलकात्याला जाऊ. २६ ऑगस्ट १९१४. रोडा अँड कंपनी या शस्त्रांच्या व्यापाऱ्याचा माल कस्टममधून सोडवून आणताना क्रांतिकारकांनी मधल्या मध्ये पळवला. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं. या माउझरची लाकडी पेटी मुठीला जोडली की ती बंदुकीसारखी खांद्याला लावून चालवता येते.

सरकारच्या रौलट समितीचा अहवाल १९१८ चा. त्यात लिहिलं आहे की त्यातली ४४ पिस्तुलं जवळपास लगेच बंगालमधल्या ९ गटांत वाटली गेली आणि पुढच्या ५४ दरोडे-खुनांच्या प्रकरणांत वापरली गेली. तोवर ३१ परत मिळाली होती. सरकारला इतकं ठामपणे कसं सांगता आलं? कारण प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा नंबर होता आणि रोडा कंपनीच्या वहीत ते सगळे नंबर उतरवलेले होते. एक पिस्तूल सापडलं की वही उघडायची, हे त्या पन्नासातलं आहे की नाही लगेच कळायचं.

क्रांतिकारकांसाठी हीच वही घातक ठरली, हे खरं. पण आज इतिहास लिहिणाऱ्याला तीच वही वरदान आहे. पोलिसांनी लोकांना फासावर चढवण्यासाठी जपलेला कागद, शंभर वर्षांनी त्याच लोकांच्या स्मृतीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा होतो. गांधीहत्येच्या खटल्यातही असंच दिसतं. ते इटालियन बेरेटा पिस्तूल, नंबर ६०६८२४, न्यायालयीन कागदात नंबरासकट आहे, त्यामुळे 'कुठलं पिस्तूल' या प्रश्नावर अफवांना जागा कमी राहते.

कथा गोड, पण तपासून घ्या

आझादांचं पिस्तूल प्रयागराजच्या अलाहाबाद संग्रहालयात आहे. तेही कोल्टचं, .३२ चं, हॅमरलेसच. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कात त्यांनी शेवटपर्यंत ते चालवलं. त्याला 'बमतुल बुखारा' म्हणतात, आणि त्याची एक खास गोष्ट सांगतात: त्यातून धूर निघत नसे, म्हणून आझाद झाडाआडून कुठून गोळी मारताहेत ते पोलिसांना कळत नसे.

या काडतुसात पहिल्यापासून धूरविरहित दारू भरली जायची. म्हणजे धूर जवळजवळ न येणं हा त्या एका पिस्तुलाचा चमत्कार नव्हता, त्या बनावटीच्या लाखो पिस्तुलांचा तो सर्वसाधारण गुण होता. पलीकडच्या पोलिसांच्या गोळ्यांनाही काही धुराचे लोट निघत नव्हते. हे सांगितल्याने आझाद लहान होतात का? माझ्या मते उलट. एक साधं, बाजारात मिळणारं, खिशातलं पिस्तूल घेऊन तो माणूस एकटा उभा राहिला. पिस्तुलाला जादू चिकटवली की माणसाचं धैर्य तेवढंच कमी वाटायला लागतं.

आपण काय जमवायचं?

आता तुमच्यातले काही जण विचारतील, "भाऊ, मग आपल्याला हे कलेक्शन करता येईल का?" अमेरिकेत माणसं एकाच मॉडेलचे वीस-वीस नमुने जमवतात. आपल्याकडे तो मार्ग नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं; आधी तीन होती. नेमबाजीच्या खेळाडूंसारखे अपवाद सोडले तर १९८० च्या दशकापासून परदेशी पिस्तूल आयातही करता येत नाही. याच कायद्याच्या आठव्या कलमात हत्यारावरचा नंबर पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मला ते कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नंबर पुसला की हत्याराचा इतिहासच पुसला जातो.

खान्देशात राहून दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेपर उघडला की आठवड्या-पंधरवड्याला बातमी असतेच: सातपुड्याच्या सीमेवरून आलेले गावठी कट्टे पकडले. आमच्या वयाची पोरं त्यासोबत रील बनवतात आणि थेट कोठडीत जातात. त्या कट्ट्याला नंबर नसतो, कारखान्याची वही नसते, परवाना नसतो. तो कुठून आला, कुणावर चालला, याचा माग कुणालाच लागत नाही. म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडली, त्याच्या घरच्यांना न्याय मिळायची वाटही तिथेच अडते. नंबर नसलेल्या हत्याराला क्रांतिकारकांच्या फोटोशेजारी लावणाऱ्यांनी हा फरक जरा समजून घ्यावा.

मग जमवायचं काय? कागद. अनेक जुन्या घरांत पणजोबांचा बंदुकीचा परवाना ट्रंकेत सापडतो. हत्यार कधीच सरकारजमा झालेलं किंवा विकलेलं असतं, पण परवान्यावर बनावट, बोअर आणि नंबर असतो. तो कागद रद्दीत देऊ नका, दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा. संग्रहालयात गेलात आणि काचेआडच्या हत्याराला 'पिस्तूल, विसावे शतक' एवढीच पाटी दिसली, तर तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा: नंबर नोंदवला आहे का? फोटो काढायची परवानगी असेल तर नंबर दिसेल असा काढा. जुना खटला वाचत असाल तर मुद्देमालाची यादी आधी बघा. भाषणं सगळेच वाचतात, मुद्देमाल कुणी वाचत नाही.

आणि जळगावकरांना एक खास विनंती. आपल्याकडे इतिहासाची आवड असलेले वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कोर्टाच्या जुन्या दप्तरांची माहिती असलेली मंडळी आहेत. भुसावळ बॉम्ब केसच्या कागदात त्या दिवशीच्या पिस्तुलाची बनावट आणि नंबर शोधायला कुणी बसणार असेल, तर मला कळवा. मी शनिवार-रविवार मोकळा आहे. स्कॅनिंगचं आणि कागद वाचून टाइप करायचं काम माझ्याकडे लागलं.

तोवर पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "हे बघ, क्रांतिकारकांचं पिस्तूल," तर एकच प्रश्न विचारा: नंबर काय?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि कागद जपा. राम राम.